डोणीखालचा कोळसा

रस्त्याच्या मोजणीवाल्यांनी लाल झेंडी रोवली ती नेमकी फातिमाच्या पडवीत. रोवायला तिथं माती नव्हती, कोबा होता. मग त्यांनी ऑइलचं एक रिकामं डबडं आणलं, त्यात वाळू भरली आणि झेंडी त्यात उभी केली. फातिमा तिथंच बसून तांदूळ निवडत होती. तिनं सूप उचललं, दोन हात मागं सरकली आणि पुन्हा निवडायला लागली. घरात पाहुणा आला आणि त्याला जागा करून दिली, इतकंच.

पलीकडून हौसा हे सगळं आपल्या दगडी गडग्याआडून बघत होती. तिच्यापुढं काजूच्या बोंडांची रास होती. बोंड पिळायचं, बी वेगळी काढायची. सकाळपासून हेच चाललं होतं आणि रसानं बोटांची सालं निघाली होती. झेंडी उभी राहिली तसं तिच्या हातातलं बोंड फुटलं आणि रसाची धार पदरावर आली. काजूचा डाग तो, लुगडं फाटेल पण डाग जायचा नाही.

रस्ता कशाला, तर गॅससाठी. कातळकोंड गावाच्या सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळमाळाच्या टोकाला, खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं, गॅस शुद्ध करायचा कारखाना उभा राहत होता. आधी तारेचं कुंपण आलं, मग दिवे आले. दिवे गावात नव्हेत, कुंपणाला. त्या कारखान्याचे लोखंडी मनोरे एवढे लांब की ते आणायला शंभर चाकांची गाडी लागते, आणि ती गाडी म्हणे वळत नाही. गाडी वळत नाही म्हटल्यावर माणसांनी वळायचं, हे ओघानंच आलं. हमरस्त्यापासून खाडीपर्यंतची जुनी गाडीवाट सरकारनं रुंद करायला घेतली. चार किलोमीटर सडा पोकलेननं फोडून झाला होता, आंब्याच्या पानापानावर लाल धूळ बसली होती, आणि आता काम वाडीच्या तोंडाशी आलं होतं. तिथं वाटेच्या एका अंगाला हौसाचं घर, दुसऱ्या अंगाला फातिमाचं.

मोजणीवाला साहेब तरणा होता, सांगलीकडचा. डोक्याला रुमाल, डोळ्याला गॉगल. तो वाट ओलांडून हौसाच्या गडग्यापाशी आला.

"काकू, हा दगड तुमचाच ना?"

"सरकारचा हाय," हौसा म्हणाली. "आमच्या हद्दीवर हाय."

गडग्याच्या कोपऱ्यात गुडघाभर उंचीचा एक काळा दगड होता, माथ्यावर छिन्नीनं कोरलेली फुली. सगळा मुलूख जांभ्याचा, लाल; त्यात हा एकटा काळा. इंग्रजांच्या मोजणीत कुठून तरी आणून पुरलेला.

"आम्ही मापं ह्या दगडावरनं धरलीत," साहेब म्हणाला. "म्हणून रस्ता तिकडं गेला, त्या घरात. त्यांची पडवी आणि माजघर जातंय. पण खालच्या वाडीतला दगड आणि हा, एका रेषेत येत नाहीत. आठ मीटरचा फरक पडतोय. हा जुन्याच जागेवर आहे ना?"

वाटेपलीकडं सुपाचा आवाज थांबला.

हौसानं एक बोंड उचललं, पिळलं, बी टोपलीत टाकली.

"जुनाच," ती म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला. गुरुवारी मोठे साहेब येतील, पंचांसमोर रेषा पक्की करू. नंतर मशीन लागेल." साहेबानं वहीत काहीतरी लिहिलं आणि तो गेला. पलीकडं सूप पुन्हा वाजायला लागलं, पण ताल चुकला होता.

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. तो दगड जुन्या जागेवर नव्हता.

सव्वीस वर्षांपूर्वी वाडीत पाणी नव्हतं. बायका दीड मैल खाली ओढ्यावर, पऱ्यावर जायच्या आणि डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन घाटी चढायच्या. हौसा पोटुशी असताना त्या घाटीत घसरली आणि पोर गेलं. महिना गेला. मग तिच्या नवऱ्यानं, बाबल्यानं, पाणाड्या आणला. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून सगळी जमीन फिरला, आणि नारळ उभा राहिला तो बाबल्याच्या हद्दीबाहेर, काळ्या दगडाच्या पलीकडं तीन पावलांवर. म्हणजे भर गाडीवाटेत. "काय करशील आता?" पाणाड्या म्हणाला. बाबल्या काळ्या दगडाकडं बघत राहिला.

शिमग्यात पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली आणि सारा गाव तिकडं गेला. भर दुपारी, तिकडं ढोल वाजत असताना, बाबल्यानं त्या दगडाला पहार लावली. हौसानं पहारीखाली धोंडा सरकवला. माडाचे ओंडके टाकून दोघांनी तो दगड बारा पावलं लोटत नेला आणि नव्या खड्ड्यात बसवला. आठ दिवसांत गडगा उभा. गाड्या आपोआप पलीकडून जायला लागल्या, फातिमाचं अंगण खात खात. फातिमाचा नवरा गनी तेव्हा जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होता, घरात म्हातारा सासरा. म्हातारा दोन शब्द बोलला, मग गप्प बसला. बोलून गडगा हलतो होय!

दोन उन्हाळे बाबल्या एकटा खणत होता आणि हौसा वर टोपल्या ओढत होती. पस्तीस फुटांवर पाणी लागलं, आणि असं लागलं की मे महिन्यातही तळ दिसायचा नाही. बाबल्याच्या विहिरीला वाडी जगली. पुढं लोक त्याला भांडणात पंच म्हणून बोलवायला लागले. दुसऱ्याचा बांध कोरणाऱ्यांना तो चार शब्द सुनवायचा सुद्धा. ऐकताना हौसाला खाली बघावं लागायचं.

एकच गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. जुन्या मोजणीवाल्यांनी दगडाखाली खूण म्हणून टोपलीभर कोळसा पुरला होता. दगड माणूस हलवील, लाकूड वाळवी खाईल, पण कोळशाला कोण खातंय? बाबल्यानं दगड उचलला आणि कोळसा जागेवर राहिला. गुरांना पाणी प्यायला विहिरीजवळ दगडी डोण बसवायची म्हणून जागा खणली, तेव्हा हातभर खाली काळं निघालं. नेमकी तेव्हाच फातिमा कळशी घेऊन आलेली.

"कोळसा कसला गो?" तिनं विचारलं.

"भाजावळीचा," हौसा म्हणाली. तरव्याची, भाताच्या रोपांची, जागा भाजतात त्याचा. वाटेच्या कडेला, हातभर खोल, भाजावळ! फातिमा शेतातलीच बाई. तिनं खड्ड्यात बघितलं, हौसाकडं बघितलं. "बरं," म्हणाली, आणि पाणी भरून गेली. त्यावर डोण बसली ती बसली.

सोमवारी कंत्राटदाराचा टँकर आला आणि त्यानं विचारपूस न करता विहिरीत पाइप सोडला. रस्त्यावर पाणी मारायचं होतं. हौसा धावत गेली.

"अवो, वाडीचं प्यायचं पानी हाय ह्ये."

"मावशी, सरकारी काम आहे," सुपरवायझर खुर्चीतून न उठता म्हणाला. खुर्ची हौसाच्याच पडवीतली होती. "तुमच्यासाठीच रस्ता चाललाय ना? जरा चहा टाका."

हौसानं चहा टाकला. काय करणार? तिची सून राजश्री त्याच्याच हाताखाली रस्त्याखालच्या मोरीच्या कामावर होती, दिवसभर दगड वाहत होती. टँकर भरून गेला तेव्हा विहिरीत गढूळ थारोळं उरलं होतं. फातिमा रिकामी कळशी घेऊन काठावर उभी होती. दोघी पाणी निवळायची वाट बघत बसल्या. एरवी तोंडाला खळ नसायचा, त्या दिवशी एक अक्षर नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं हौसाचं झालं होतं. फातिमा खोकली तरी तिला वाटे, आता बोलते.

राजश्री कामावरून आली ती हातपाय धुवायच्या आधी बोलली. "आई, साहेब आपसात बोलत व्हते. दगड सरकवलेला निगाला तर रेषा इकडं येनार. विहीर बरोबर मधी सापडती. आनि ती सरकारी वाटेत धरली तर एक पैसा मिळायचा नाय."

"व्हय."

"तुमी काय बोलायचं नाय."

"मी कुटं बोलतंय?"

"तुमचं तोंड बगून सांगतंय." राजश्रीनं पायावरची लाल माती खरवडली. तिच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. "ह्या पायांनी मी पऱ्यावर जायची नाय. आदीच सांगून ठेवतंय."

मुंबईहून मुलगा दीपकचा फोन आला तोही तेच बोलला. त्याला राजश्रीनंच कळवलं असणार. "आये, दगड जुना म्हन आणि मोकळी हो. त्येंचा पोरगा अरशद कुवेतला हाय, दुसरं घर बांधील. आपल्याकडं काय हाय?" हौसा "हां, हां" म्हणत राहिली आणि बटण दाबता न आल्यामुळं फोन तसाच चालू ठेवून चुलीपाशी गेली.

मंगळवारी फातिमा आली ती कळशी न घेता. तिच्या डोक्यावर पितळी हांडा, हांड्यात परात, परातीत चमचे वाजत होते. मागून टेम्पोवाल्या अक्रमनं सागवानी पेटी आणून अंगणात ठेवली आणि तो गेला.

"हौसा, एवडं तुज्या गोठ्यात ठेवशील? अरशद ईदीला येईल तवर. मशीन आलं की पळापळ नको."

हौसा उठून पुढं झाली. तिनं हांडा उतरवून घेतला. गोठ्यात वैरणीची जागा झाडली, पेटी दोघींनी मिळून आत ओढली. पेटी जड होती. गनीनं जहाजावरून आणलेली, त्यात फातिमाची लग्नातली भांडी. दोघींना धाप लागली आणि दोघी पेटीवरच बसल्या.

"घर सोडतंस?" हौसा म्हणाली.

"पडवी आनि माजघर गेल्यावर काय ऱ्हातंय? चूल आनि संडास." फातिमा हसली, पण ते हसू तोंडभर पसरलं नाही. "मोठ्या साहेबाला नाय तरी त्या तरण्या साहेबाला सांगून बगायला पायजे, भैनीच्या गावाला, पालीला, सोडायला गाडी हाय का म्हनून. शेळ्या हायत ना."

हौसाला राहवलं नाही. "तू का नाय बोललीस गो त्याला? तुला तर ठाव हाय."

 फातिमानं पदरानं मान पुसली.

"बोलले असते. जिभेवर आलं व्हतं. पन मी बोलले तर विहीर जाती, गप बसले तर घर. घर अरशद बांधील. पानी कोन बांधनार? आनि सव्वीस वरसं मीच पितंय ना त्या विहिरीचं? पिताना कोळसा आठवला नाय, आता बरा आठवतो!" ती उठली. मग गोठ्याच्या दारात थांबली आणि मागं न बघता म्हणाली, "पन तू 'जुनाच' म्हनलीस ना, माज्यादेखत, ते मातर घशात अडकलं गो. म्हनायच्या आदी एकदा माज्याकडं बगायचंस तरी."

ती गेली. हौसा पेटीवर बसून राहिली. गुरं आली, दावणीला स्वतःच उभी राहिली, तरी ती बसलेलीच. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, तेही आलं नाही.

बुधवारी तिनं तरव्याची जागा भाजायला घेतली. काम कुणासाठी थांबतं? शेणी, वाळल्या पानांचा पातेरा, फांद्यांचे टाळ, वर माती. सगळं नेहमीप्रमाणं पसरलं. वाऱ्याची दिशा बघून पेटवलं. धूर डोळ्यांत जात होता आणि ती काठीनं मातीचे थर सारखे करत होती. दुपार कलली तेव्हा भाजावळ विझत आली. तिनं सहज एका जागी काठी खुपसून वर ओढली. राख आली. नुसती भुरी राख. कोळसा टोपलीभर कधीच निघत नाही भाजावळीत, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं आणि फातिमालाही.

संध्याकाळी ती बाबल्याला पेज भरवायला बसली. तीन वर्षांपूर्वी त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी, बोलणं तुटक, पण डोकं शाबूत. त्याची खाट पडवीत विहिरीकडं तोंड करून टाकली होती. दिवसभर तो रहाटाचा आवाज ऐकायचा. कोण पाणी भरतंय ते नुसत्या आवाजावरून सांगायचा.

"उद्या साहेब येनार," हौसा म्हणाली. "धाकू गावकार म्हनतो, गावाची रीत ती रीत. हद्द माती घेऊन चालायची. तुमाला चालता येत नाय तर मी चालायचं."

त्यानं पेज गिळली. "गडग्याबरोबर... चाल."

"डोक्यावर माती घेऊन?"

"विहीर मी... खनली."

"आनि दगड कुनी हलवला?"

बाबल्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. पेज त्याच्या हनुवटीवरून गळ्यात उतरली. हौसानं ती पुसली. नवऱ्याला तिनं असा प्रश्न उभ्या जन्मात विचारला नव्हता. विचारला तोही तो उठून जाऊ शकत नव्हता तेव्हा, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

गुरुवारी दहा वाजता दोन गाड्या आल्या. मोठे साहेब, तलाठी, तरणा साहेब, सुपरवायझर. वाडीतली माणसं जमली. देवळाचा मानकरी धाकू गावकार सत्तरीचा, त्यानं सगळ्यांदेखत रीत सांगितली: ज्याची जमीन त्यानं त्या जमिनीतलं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं, अनवाणी हद्द चालायची, वाटेत बोलायचं नाही. खोटी हद्द चालणाऱ्याच्या घराला ती माती पिकत नाही.

"हे कायद्यात नाही," मोठे साहेब म्हणाले.

"कायद्यात नाय, गावात हाय," धाकू म्हणाला. "साहेब, चार पावलांचं काम. नायतर सई करायला पंच कुटून आनाल?"

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. "चला, उरका."

हौसानं खालच्या वाडीतल्या दगडापाशी, तिची हद्द सुरू होते तिथं, वाकून शेतातलं ढेकूळ उचललं. माती तापली होती. पदर डोक्यावर घेतला, त्यावर ढेकूळ ठेवलं आणि एका हातानं धरलं. ती गडग्याच्या आतून चालायला लागली. माणसं गडग्याबाहेरून, वाटेनं, तिच्याबरोबर. राजश्री सगळ्यांत पुढं होती आणि सारखी मागं वळून सासूकडं बघत होती. पलीकडं फातिमा आपल्या पायरीवर उभी होती. तिच्या पडवीवरची अर्धी कौलं उतरवून झाली होती.

काजूच्या झाडापर्यंत गडगा सरळ होता. तिथून तो बाहेर झुकायचा, त्या काळ्या दगडाकडं. सव्वीस वर्षांत गडग्यावर शेवाळ येऊन गेलं होतं, भोकांत सरड्यांनी घरं केली होती. कुणी म्हणावं की हा इंग्रजांच्याही आधीचा. गडगा वळला. माणसं गडग्याबरोबर वळली. हौसा वळली नाही.

ती नाकासमोर चालत राहिली. बोंडांच्या राशीतून गेली, चिकट बोंडं तळव्याखाली फुटली. ढेकळाची माती तिच्या कपाळावर, डोळ्यांत पडत होती. "आई!" राजश्री गडग्यापलीकडून ओरडली. "आई, कुटं चाल्लाव? ऊन लागलंय त्यास्नी, साहेब!" हौसानं मान फिरवली नाही. अंगण ओलांडताना पडवीतल्या खाटेवरून दोन डोळे तिच्याकडं बघत होते हे तिला न बघताही कळत होतं. विहिरीच्या अलीकडं, डोणीपाशी ती थांबली. ढेकूळ उतरवून डोणीच्या काठावर ठेवलं.

"हितं," ती म्हणाली. "ही उचला."

तीन गड्यांनी पहारी लावून डोण कलती केली. तरण्या साहेबानं स्वतः कुदळ घेतली. दुसऱ्या घावाला काळं निघालं. त्यानं बोटांत धरून चुरलं आणि सगळ्यांना दाखवलं. कोळसा कालचा असावा तसा कुरकुरीत होता.  फातिमा पायरीवरून खाली उतरली आणि खालीच बसली.

"दगड कोणी हलवला?" तलाठ्यानं विचारलं. "पंचनाम्यात लिहावं लागेल."

"मी," हौसा म्हणाली.

"तुम्ही? एकट्या?"

"मी हलवला."

चार गड्यांना न हलणारा दगड. गर्दीतल्या प्रत्येकाला कळलं, आणि धाकू गावकारानं घसा साफ करून जमिनीकडं बघितलं. एक खोटं पुसायला गेलेली बाई दुसरं लिहून आली. तिनं सही केली तेव्हा तिच्या बोटांची काजूनं सोललेली कातडी कागदाला चिकटली. खाटेवर बाबल्यानं डोळे मिटून घेतले होते.

मोठे साहेब विहिरीत डोकावले. "पाणी चांगलं आहे हो," म्हणाले. "पण रेषेत येतंय. आठ दिवसांत बुजवायला लागेल."

ते आठ दिवस वाडीतल्या बायकांनी दिसेल त्या भांड्यात पाणी भरलं. कुणी हौसाला बोल लावला, कुणी बाबल्याला, आणि बऱ्याच जणींनी दोघांनाही. नवव्या दिवशी पोकलेननं रहाट उचकटला, कठडा आत ढकलला आणि वर सड्याचा मुरूम ओतला. पस्तीस फूट. दोन उन्हाळ्यांचं काम पाऊण तासात. बाबल्या खाटेवरून बघत होता. मुरूम पाण्यावर पडतानाचा आवाज बदलत बदलत शेवटी कोरडा झाला, तसं त्यानं डावा हात कानावर ठेवला.

पंचनाम्याच्या दिवसापासून तो हौसाच्या हातचं काही घेत नव्हता. राजश्रीनं दिलं तर खायचा. राजश्री सासूशी बोलत नव्हती, पण रोज मोरीचं काम सुटल्यावर न सांगता कळशी घेऊन पऱ्यावर जायची. फातिमाची कौलं पुन्हा चढली. झेंडीचं डबडं कुणीतरी नेलं. पेटी मात्र गोठ्यातच राहिली. ना हौसा 'ने' म्हणाली, ना फातिमानं मागितली.

मे सरत आला. नव्या रस्त्यावर खडी अंथरून झाली होती आणि कारखान्याकडं जाणारे डंपर दिवसभर पळत होते. एक दिवस राजश्रीला लवकर कामावर जावं लागलं आणि घरात घोटभर पाणी नव्हतं. हौसा कळशी घेऊन निघाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा तीच घाटी. पऱ्यात झरा बोटाएवढा. करवंटीनं भरता भरता दोन तास गेले. भरून वर बघते तर फातिमा उभी, कमरेवर कळशी घेऊन.

"तू कदी आलीस?"

"तुज्या मागनं. तू मागं बगतंस कुटं!"

फातिमाची कळशी भरेपर्यंत हौसा थांबली, मग दोघी एकीमागं एक घाटी चढल्या आणि रस्त्याला लागल्या. खडी तापलेली, वहाणांतून टोचत होती. अर्ध्यावर मागून डंपरनं असा भोंगा वाजवला की हौसा दचकून बाजूला झाली, पाय खडीत रुतला आणि कळशी सुटली. डंपर थांबला नाही. खडीनं पाणी कधी पिऊन टाकलं ते कळलंही नाही. हौसा तिथंच कडेला बसली आणि मोठ्यानं रडली. महिनाभराचं सगळं एकदम आलं.

"ऊठ," फातिमा म्हणाली. "माजी भरलेली हाय."

घरी आल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बाबल्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते. हौसाच्या हातात पोचा पडलेली रिकामी कळशी, आणि फातिमा पडवीच्या पायरीशी आपली कळशी घेऊन उभी. तिथून आत ती कधी आली नव्हती. सव्वीस वर्षं तिनं बाबल्याच्या विहिरीचं पाणी नेलं, पण तिच्या भांड्यातलं पाणी बाबल्यानं कधी तोंडाला लावलं नव्हतं. कुणी तसं बोललं नव्हतं. ते तसंच होतं.

बाबल्यानं दोघींकडं बघितलं. कळशीकडं बघितलं. मग डाव्या हातानं खाटेची कड धरून त्यानं मान वर केली.

"पहार... मी मारली," तो फातिमाला म्हणाला. एकेक शब्द दगडासारखा लोटत. "हिनं नुसता... धोंडा लावला. कागदात... खोटं हाय."

हौसाच्या हातातली कळशी खाली टेकली.

"ठाव हाय, बाबलभाऊ," फातिमा म्हणाली. ती पायरी चढून आत आली, कोनाड्यातला पेला घेतला, आपल्या कळशीतून भरला आणि हौसाच्या हातात दिला. हौसानं नवऱ्याच्या मानेखाली हात घातला आणि पेला त्याच्या ओठांशी धरला. 

त्यानं एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"मचूळ हाय," तो म्हणाला.

"हाय," हौसा म्हणाली.

तो पुन्हा प्यायला लागला आणि पेला रिकामा होईपर्यंत थांबला नाही.